चुलीवरच्या तुंब्यातलं बी

मी एका घरचं बियाणं दळून आणलं आणि त्याचे लाडू पाहुण्यांना वाढले. ही गोष्ट आजवर मी एकाच माणसाला सांगितली आहे, आणि तिला सांगायलाही मला सात वर्षं लागली. आता लिहून ठेवतो. लिहिल्याने काही परत येणार नाही, हे मला माहीत आहे.

मी मूळचा सायखेड्याचा. गोदावरीकाठची काळी जमीन, गहू, कांदा, ऊस. आमच्या घरात बियाणं दुकानातून यायचं. दरवर्षी वडील नवी पिशवी आणत, ओट्यावर बसून तिचं तोंड ब्लेडने कापत आणि आईला म्हणत, ‘पिशवी फेकू नको, मीठ ठेवायला होईल.’ बियाणं घरात जपायचं असतं, ते कुणीतरी निवडायचं असतं, हे मी लहानपणी पाहिलंच नाही. मी हे सबब म्हणून सांगत नाही. पण पुढे जे झालं त्याची मुळं कुठे आहेत हे शोधताना मला दरवेळी ती कापलेली पिशवी आठवते.

कृषी पदवी घेतल्यावर मला अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत नोकरी लागली. आजूबाजूला लेथ मशीनची आणि प्रेसची खडखड, आणि आमच्या शेडमध्ये मात्र रुग्णालयासारखी शांतता. काचेच्या बाटल्यांत केळीची आणि द्राक्षांची रोपं वाढायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्याकडे नागलीचं, म्हणजे नाचणीचं, काम आलं. नाशिकच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात, लोक नागलीची भाकरी खातात. तिथल्या बायकांच्या अंगात रक्त कमी असतं. नागलीत मुळातच लोह आणि कॅल्शियम असतं. मग ज्या नागलीत लोह सर्वांत जास्त ती शोधायची, तिच्या पानांतला डीएनए काढून तिची ओळख पक्की करायची, आणि ती शुद्ध करून, वाढवून त्याच लोकांना परत द्यायची. आमचे साहेब ही योजना फळ्यावर काढून समजावत तेव्हा मला खरोखर भरून यायचं. आपण पगारासाठी नाही, कुणाच्या तरी ताटासाठी काम करतो आहोत असं वाटायचं. त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

नमुने गोळा करायला मी पेठच्या पुढच्या एका पाड्यावर गेलो. कार्तिकातले दिवस होते. एका घरापुढच्या सारवलेल्या खळ्यावर कापलेल्या नागलीचा ढीग पडला होता आणि साठीची एक बाई त्यातून एकेक कणीस निवडून पदरात टाकत होती. मी थोडा वेळ बघत राहिलो. ती एकाच प्रकारची कणसं निवडत नव्हती. हाताच्या बोटांसारखी फाकलेली घेई, मुठीसारखी मिटलेली घेई. लाल, काळसर, फिक्कट पांढरी, सगळी.

‘मावशी, ह्यात भेसळ झालीय फार,’ मी म्हणालो.

तिने माझ्याकडे वर पाहिलं. ‘तुम्ही किती भावंडं?’

‘चार.’

‘सगळी एका उंचीची हाय का?’

शेजारी तिची सून काड गोळा करत होती. नवीनच लग्न झालेली. ती तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो, पण वहीत मात्र ‘मिश्र नमुना, अशुद्ध’ असंच लिहिलं.

मग तिने मला घरात नेलं. चुलीच्या वर, आढ्याला, वाळवलेल्या भोपळ्याचे दोन तुंबे टांगलेले होते. धुराने काळे झालेले. त्यांत बी. सासूच्या सासूपासून चालत आलेलं, असं ती म्हणाली. पांढरी नागली हळवी, म्हणजे लवकर येणारी. भादवा संपता संपता घरातली कणगी रिकामी होते तेव्हा ही तयार असते. बाळंतिणीला हिचीच पेज द्यायची. मिटलेल्या मुठीची काळसर नागली मधे येते, पाखरांना तिचे दाणे टिपता येत नाहीत. आणि लाल ती गरवी, सगळ्यांत उशिरा, पण भाकरी चवीची. मी हे सगळं उतरवून घेतलं. आज ती वही माझ्यासमोर आहे. अक्षर चांगलं आहे. सगळं लिहिलेलं आहे. त्याचा अर्थ काय, एवढंच मला कळलं नव्हतं.

मी मूठभर बी मागितलं तेव्हा तिने ते आधी कपाळाला लावलं आणि मग माझ्या ओंजळीत टाकलं. ‘बी कोणी मागितलं तर नाय म्हणायचं नसतं,’ ती म्हणाली. ‘आन कोणी दिलं तर नको म्हणायचं नसतं.’

‘आणि परत करायचं?’

‘परत कशाला? पेरायचं.’

पुढची दोन वर्षं ती मूठ माझ्या हाताखाली होती. आम्ही तिचे प्रकार वेगळे केले, वेगवेगळ्या वाफ्यांत लावले. कोवळी पानं खलात घोटायची, डीएनए काढायचा, आणि काळोख्या खोलीत विशिष्ट उजेडाखाली नारिंगी पट्टे उमटायची वाट बघायची. लाल गरवीत लोह सर्वांत जास्त निघालं. ज्या दिवशी ते पक्कं झालं त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना जिलबी आणली. पांढऱ्या हळवीत लोह सर्वांत कमी होतं. तिचे वाफे पुढच्या हंगामात लावलेच नाहीत. जागा कमी होती, आणि तिचं उरलेलं बी तपासण्यांत संपलं.

विज्ञान खोटं होतं असं मी म्हणत नाही. लाल नागलीत लोह खरंच जास्त होतं. आजही ते कुणीही तपासून बघावं.

मग ती लाल नागली शेतावर लावून बघायची वेळ आली. साहेबांनी बजावलं होतं, ‘एक दाणासुद्धा दुसऱ्या नागलीचा मिसळता कामा नये, नाहीतर दोन वर्षांचं काम वाया.’ मी त्याच पाड्यावर, त्याच घरी गेलो. शुद्ध बियाण्याची पिशवी घेऊन. मावशींच्या ओंजळीत ते ओतलं. सगळे दाणे एकसारखे, एका रंगाचे. तिने बराच वेळ ते हलवून पाहिलं.

‘बाकीची कुठं गेली?’

‘ही सगळ्यांत चांगली निघाली मावशी. आता सगळ्या रानात हीच लावायची. तुमच्या सुनेच्या अंगात रक्त वाढेल हिने.’

सून तेव्हा पोटुशी होती, तिसरा महिना. ती लाजून आत गेली. मावशी म्हणाली, ‘एका बाजूला जुनं लावते थोडं. भादव्याला लागंल.’

‘ते नको. मिसळेल. एकच वर्ष.’

तिने ओंजळीतले दाणे पिशवीत परत सोडले. मला तिची भीती कळली, आणि ती जुन्या माणसाची भीती आहे असं मी धरलं. मला आणखी एक भीती होती, माझी स्वतःची. मी गेल्यावर ती जुनं बी कोपऱ्यात पेरेल आणि माझा प्रयोग बिघडेल. म्हणून मी म्हणालो, ‘तुमचे तुंबे मी घेऊन जातो. आमच्याकडे बियाण्याची बँक आहे, थंड खोली. तिथे सुरक्षित राहतील. पुढच्या वर्षी जसेच्या तसे आणून देतो.’

‘बँकेत?’ ती म्हणाली. ‘माझ्या नवऱ्याला जल्मात कधी बँकेनं आत घेतलं नाय. नागलीला घेतील?’

सगळे हसले. मग तिने पाटावर उभं राहून ते तुंबे खाली काढले. वरचा दोरा रिकामा लोंबत राहिला तसं तिने सुनेला हाक मारली, मक्याचं एक कणीस मागून घेतलं आणि ते त्या जागी बांधलं. मी विचारलं तर म्हणाली, ‘चुलीवरची जागा रिकामी ठेवायची नसते.’

तुंबे मांडीवर घेऊन मी एसटीने नाशिकला आलो. थंड खोलीच्या खालच्या फळीवर ठेवले. चिठ्ठी लावायची राहिली. उद्या लावू म्हटलं.

श्रावणात आमच्याकडे कामासाठी निधी देणाऱ्यांचे पाहुणे येणार असं कळलं, तेही आदल्या दिवशी. साहेबांच्या मनात आलं, त्यांना या लोहयुक्त नागलीचे लाडू द्यायचे. पण लाल नागली दळायला होती कुठे? होती ती मोजकी, बियाण्याची, तिला हात लावायची सोय नव्हती. साहेब मला म्हणाले, ‘तू बघ काहीतरी. कुठली का असेना, पीठ केल्यावर कोण ओळखतंय.’

मी थंड खोलीत गेलो. बाजारात जाऊन नागली आणता आली असती. पंचवटीत मिळते. पण पाऊस होता, आणि माझं दुसरं काम पडलं होतं, आणि तुंबे समोर होते. मनात आलं ते नेमकं असं होतं: आता लाल नागली तिच्याकडे आहे, ती सर्वांत चांगली आहे, ही मिसळ तिला परत कशाला लागेल? हा विचार माझ्या डोक्यात पूर्ण वाक्यात आला होता. मी चुकून काही केलं नाही.

दोन्ही तुंबे मी पिशवीत रिकामे केले. अंबडच्या कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याने पिशवीत हात घालून बघितलं आणि म्हणाला, ‘काय सायेब, खळं झाडून आणलं काय? तीन रंगाची हे!’

‘दळ तू,’ मी म्हणालो.

‘दळतो ना. मला काय, दगडाला समदे रंग सारखेच.’

साहेबांच्या घरून गूळ आणि तूप आलं. लाडू छान वळले गेले. पाहुण्यांनी कौतुक केलं, एकाने दुसरा मागून घेतला. हीच ती सुधारित नागली, असं साहेबांनी सांगितलं आणि मी मान डोलावली. मीही एक लाडू खाल्ला. चांगला झाला होता.

त्या वर्षी भादव्यात पाड्यावर कुणाच्या ना कुणाच्या रानात लवकर येणारी वरई तयार झाली. मावशींच्या रानात सगळी नागली एका उंचीची, एका रंगाची, हिरवीगार उभी होती. दिसायला फार सुंदर. मी तिचे फोटो काढले. एकही कणीस भरलेलं नव्हतं, ते भरायला अजून महिना-दीड महिना होता. मावशी म्हणाली, ‘दादा, कणगी संपली. शेजारणीकडून आणते चार पायली. दिसायला मात्र लय देखणी हाय तुझी नागली.’ तिच्या बोलण्यात टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येत नाही.

मग पाऊस लवकर गेला. लाल नागली नेमकी फुलोऱ्यात होती, सगळीच्या सगळी एकदम. दाणा भरला नाही. बरीचशी कणसं पोचट राहिली. हळवी असती तर तोवर घरात आलेली असती. मिटल्या मुठीची निम्मी तरी हाती लागली असती. अहवालात मी लिहिलं, ‘प्रतिकूल हवामानामुळे निष्कर्ष काढता आले नाहीत.’ घरातली माणसं दसरा होताच दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या छाटणीला निघून गेली. दरवर्षी ती जात, पण सुगी आटोपून, घरात धान्य ठेवून जात. त्या वर्षी खळं सारवलंच गेलं नाही. सूनही गेली, सातवा महिना चालू असताना.

होळीला पाड्यावर परतण्याआधी मावशी अंबडला आली. कशी शोधत आली कोण जाणे. आमच्या फाटकाजवळ कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या कामगारांच्या गर्दीत ती एका बाजूला उकिडवी बसली होती. मला पाहताच उठली. चेहरा उन्हाने रापला होता.

‘तुंबे न्यायला आले,’ ती म्हणाली. ‘सुनेला पोरगी झाली, बागेतल्या शेडमधी. पेजेला नागली नव्हती, तांदळाच्या पाण्यावर काढलं. दूध उतरलं नाय तिला. औंदा पांढरी जास्त लावीन म्हणते.’

मी तिला खरं सांगायला हवं होतं. तिथेच, फाटकाजवळ. माझ्या तोंडातून निघालं, ‘आज खोली बंद आहे मावशी. मी स्वतः घरी आणून देतो. होळीनंतर.’

‘येशील ना?’

‘येतो.’

मी तिला चहा पाजला, एसटीत बसवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, ‘तुझ्या बँकेत उंदीर नाय ना?’ आणि हसली.

त्यानंतर मी जे केलं ते दळण्यापेक्षा वाईट होतं. पेठच्या आठवडेबाजारात फिरून मी तीन ठिकाणांहून नागली घेतली. एक लालसर, एक काळपट, आणि एक फिक्कट, जी कुठून तरी घाटाखालून आलेली होती. घरी वर्तमानपत्रावर ओतून ती एकत्र केली. माझी बायको बघत होती. ‘हे काय चाललंय?’ तिने विचारलं. ‘नमुना तयार करतोय,’ मी म्हणालो. ते खरंच होतं. मग मी ते धुराने काळ्या झालेल्या तुंब्यांत भरलं आणि तोंडं शेणाने लिंपली. मावशीने लिंपली होती तशीच.

मावशींनी तुंबे घेतले. एकाचं लिंपण नखाने उकरलं, थोडे दाणे तळहातावर घेतले, अंगठ्याने पसरले. एक दाणा दातांखाली धरला. मी तिच्या चेहऱ्याकडे न बघता अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होतो. मग तिने दाणे कपाळाला लावले, परत तुंब्यात टाकले आणि म्हणाली, ‘लांबून आलास. जेवून जा.’

मी जेवलो. भाकरी तांदळाची होती. परत येताना एसटीत मला इतकं हलकं वाटत होतं की मी सावळघाटात झोपी गेलो. तिला कळलं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

पुढे नागलीचं काम बंद झालं. मी ती नोकरी सोडली, द्राक्ष बागायतदारांना सल्ला देऊ लागलो. पेठच्या रस्त्याला मी फिरकलो नाही. वणीला देवीला जातानासुद्धा त्या बाजूचे डोंगर दिसले की मी काहीतरी बोलायला काढायचो.

सात वर्षांनी, दिंडोरीच्या एका बागेत छाटणी चालू असताना कात्री घेतलेली एक बाई माझ्याकडे टक लावून बघत राहिली. ‘नागलीवाले भाऊ ना तुम्ही?’ ती मावशींची सून होती. मी आधी मावशींची चौकशी केली. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मग तिच्या मुलीची. ‘ती पहिली ना? त्याच उन्हाळ्यात गेली,’ ती म्हणाली, आणि पुढची काडी छाटली. ‘आता दोघं हाय मागची.’

त्या मुलीचं जाणं आणि माझं ते दळण यांचा संबंध नाही, असं मी स्वतःला शास्त्राच्या भाषेत अनेकदा समजावलं आहे. समजावणं संपलं की प्रश्न तिथेच असतो.

त्या वर्षी सुगीनंतर मी पाड्यावर गेलो. तिनेच ये म्हटलं होतं. घर तेच, चूलही तीच, आणि चुलीवर ते दोन तुंबे टांगलेले होते. एकाचं उकरलेलं तोंड पुन्हा लिंपलेलं, दुसऱ्याचं लिंपण शाबूत. मी विचारलं, ‘पेरता का हेच?’

‘नाय. ते कधी पेरलंच नाय.’ तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ‘तुम्ही गेले तवाच आई बोलल्या, ह्यात आपला एक दाणा नाय. पण त्याला काय बोलू नका. दिलेलं बी नको म्हणायचं नसतं.’

मी पाणी प्यायलो नाही. विचारलं, ‘मग काय पेरलं?’

‘आई फिरल्या ना. ज्याला ज्याला बी दिलं होतं त्याच्या दारात गेल्या. सुरगाण्यापर्यंत पायी. लाल मिळाली, मुठीची मिळाली. लोकांनी जपली होती.’

‘आणि पांढरी?’

तिने मान हलवली. ‘कोणाकडंच नाय मिळाली. कोणी म्हणलं, लवकर येते म्हून पाखरं खातात, सोडून दिली. दोन वरसं शोधली आईनं. मरायच्या टायमालाही इचारत होती, कोणाला सापडली का.’ मग तिने सरळ माझ्याकडे बघितलं. ‘भाऊ, आमचं बी तुम्ही काय केलं?’

तिचा आवाज वर गेला नव्हता. पाहुण्याला घरचं विचारावं तसं तिने विचारलं.

‘दळलं,’ मी म्हणालो. ‘लाडू केले.’

तिने चुलीत काटकी सरकवली. ‘कोणी खाल्ले?’

‘पाहुणे आले होते. मीही खाल्ला.’

‘मंग पोटात तरी गेलं,’ ती म्हणाली. ‘आईला वाटायचं, तुम्ही उकिरड्यावर फेकलं. त्याचं लय वाईट वाटायचं तिला.’

मला रडू आलं आणि तिने ते न बघितल्यासारखं केलं. तिने पीठ मळायला घेतलं. लाल नागलीचं पीठ. मी डोळे पुसले आणि म्हणालो की ते तुंबे मी खाली काढतो, ती बाजारातली नागली कोंबड्यांना टाकू, डोळ्यांसमोर तरी नको.

‘राहू द्या,’ ती भाकरी थापता थापता म्हणाली. ‘पांढरीची जागा हाय ती. रिकामी ठेवायची नसते.’